भट्टीवरचा उजेड

ताईची सुरी मिटत नसे. खिशात घडी करून ठेवायच्या नखरेल सुऱ्या वेगळ्या. त्यांचं नावसुद्धा तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. बिजागरी आली की खुळखुळ आली, असं म्हणून ती असं काही नाक मुरडायची की विचारणारा ओशाळून गप्प बसायचा. तिची सुरी म्हणजे टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत सलग एक पोलाद, दोन्ही अंगांना अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या, आणि पात्याच्या मुळाशी छिन्नीने उठवलेली चिमणीच्या पावलासारखी खूण. डोंगर चढणारे, रानात तंबू ठोकून राहणारे, शिकारीला जाणारे लोक ती कमरेला लावून नेत. लाकूड फोडा, दोर कापा, सावज सोला, ती सगळं मुकाट्याने करायची. मोडायची मात्र नाही. निदान तेव्हा तरी नाही.

खूण वडिलांची, भट्टी वडिलांची, आणि हातही त्यांच्याकडूनच आलेला. वडील गेले तेव्हा धाकट्या भावाला भट्टीचा कंटाळा होता आणि ताईला लग्नाचा, त्यामुळे वाटणी न भांडता झाली. ती घडवायची, तो विकायचा. त्याची बायको, म्हणजे वहिनी, मुठी घासून गुळगुळीत करायची. धाकट्याची जीभ अशी गोड की जो आयुष्यात कधी टेकडीही चढला नाही, असा माणूससुद्धा गप्पा मारून जाताना एक सुरी पिशवीत टाकून जायचा. अशा माणसाच्या बायकोला ती कांदे चिरायला उपयोगी पडत असेल.

सुरीत खरं काम एकच, पाणी देणं. ठोकणं, घासणं, धार काढणं, यात चुकलं तर सुधारता येतं. पाणी देताना चुकलं की खेळ खलास. पातं भट्टीत तापवायचं, पाहिजे तो लाल रंग चढला की तेलात बुडवायचं, आणि मग मंद आचेवर पुन्हा शेकायचं. कमी तापलं तर धार टिकत नाही. जास्त तापलं तर मोठी फसगत होते, कारण वरून सगळं झकास दिसतं. धार कडक, कानस फिरवली तर तीही घसरते. पण आतून पोलादाचा दाणा जाड झालेला असतो, आणि असं पातं भलत्या वेळी, भलत्या माणसाच्या हातात तुटतं.

तो लाल रंग ओळखायचा डोळ्यांनीच, आणि ते काम अंधारातच होतं. म्हणून पाणी द्यायच्या आधी वडील खिडकीच्या झडपा लावून घेत, दाराच्या फटीला पोतं लावत आणि डोळे निवेपर्यंत नुसते बसून राहत. झडपा लावायचं काम धाकट्याचं. त्याला अंधाराची भीती वाटायची, तो मुसमुसत लावायचा, आणि ताई त्याचा हात धरून बसायची. वडिलांची दुसरीही एक रीत होती. प्रत्येक खेपेतली एक सुरी ते व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून मुद्दाम मोडायचे आणि तुटलेली कड उजेडात नेऊन बघायचे. कड बारीक, राखाडी, मऊ दिसली तर बाकीच्या पात्यांवर चिमणीचं पाऊल उठायचं. नाही दिसली तर सगळी खेप भंगारात जायची. त्या दिवशी जेवताना घरात कुणी तोंडातून शब्द काढत नसे.

अशी शिस्त होती. मग ती मोडली कशी? तर एका दिवसात कुठे मोडते शिस्त. आधी वहिनी म्हणाली, मुठी घासताना काही दिसत नाही, माझे डोळे फुटायची वेळ आली. तक्रार रास्त होती. धाकट्याने छपराचे पत्रे काढून तिथे काच बसवली. ताईने काचेवर ओढायला ताडपत्री मागितली. बांधून देतो म्हणाला, ते राहूनच गेलं. मग त्याला व्हिडिओचं खूळ लागलं. सुरी कशी घडते हे लोकांना बघायला आवडतं, बघितलं की घ्यावीशी वाटते, असं त्याला कुणीतरी सांगितलं, आणि ते खरंही निघालं. भट्टीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर मोठे पांढरे दिवे आले. ताई कुरकुरली. अंधारात कॅमेऱ्याला काय कपाळ दिसणार, असं तो म्हणाला. लोकांना ते तापलेलं पातंच बघायचं असतं, आणि तुला होईल सवय. मोडायच्या सुरीचंही तसंच. एवढी देखणी वस्तू हातांनी मोडणं त्याच्या जिवावर यायचं. आजवर एक तरी वाईट निघाली का, असं त्याने विचारलं. नव्हती निघाली, गेल्या कितीक वर्षांत नाही. मग कशाला, म्हणाला. ताईने मान डोलावली.

खरं सांगायचं तर तिलाही ते आवडायला लागलं होतं. जन्मभर ती काजळी लागलेल्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिलेली बाई. आता कुठल्या कुठल्या गावचे लोक तिच्या हातांचं कौतुक करत होते. व्हिडिओच्या दिवशी ती साडीवर इस्त्रीचा सदरा घालायची आणि केस नीट बांधायची. वहिनी चिडवायची, वन्सं आज नटल्यात. ताई तिला दटावायची, पण सदरा बदलायची नाही. झडपा लावायचं तिला सुरुवातीला आठवायचं, मग आठवेनासं झालं. दिव्यांची डोळ्यांना सवय झाली. पण सवय माणसाच्या डोळ्यांना होते. पोलादाला कशाची सवय होणार?

त्याच दिव्यांत तिने वाटाड्याची सुरी केली. वाटाड्या म्हणजे वरच्या वस्तीत राहणारा, लोकांना डोंगरावर नेऊन सुखरूप खाली आणणारा माणूस. त्याच्या कमरेला वडिलांच्या हातची सुरी होती, ती घासून घासून बोटभर उरली होती. त्याने नवी मागितली आणि म्हणाला, तुमच्याच हातची पाहिजे. ताईने मुठीचं लाकूड स्वतः निवडलं. त्याचा हात कागदावर ठेवून मापाची रेघ मारली. ती रेघ मारताना ती जरा लाजलीसुद्धा, आता या वयात.

हिवाळा सरता सरता तो परत आला. उजव्या हाताला पट्टी, आणि रुमालात सुरीचे दोन तुकडे. शेकोटीसाठी ओंडका फोडत होता. सुरी ओंडक्यात बसली, त्याने ती जराशी पिळली, तर पातं मधूनच तुटलं आणि तुटकं टोक तळहातात घुसलं. आतल्या शिरा तुटल्या. दोन बोटं आता वाकत नव्हती आणि वाकणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ज्या माणसाच्या दोरावर दुसऱ्यांचे जीव लोंबकळायचे, त्याला आता दोर धरता येत नव्हता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, बघा बरं काय झालंय ते.

धाकट्याने तुकडा घेतला आणि दाराशी उजेडात जाऊन बघितला. बराच वेळ बघितला. मग वर छपराकडे पाहिलं आणि तुकडा रुमालात गुंडाळून टाकला. ताईच्या हातात दिलाच नाही, आणि तिनेही मागितला नाही. ती वाटाड्याच्या हातावरच्या पट्टीकडे बघत होती.

त्या संध्याकाळी धाकट्याने तिला हळुवारपणे समजावलं. तुझे डोळे थकलेत, ताई. वयाने होतं, रंग कळेनासे होतात. यात तुझा काय दोष? वाटाड्यालाही त्याने हेच सांगितलं, हात जोडून माफी मागितली आणि नवी सुरी दिली. विजेवर चालणारी, आकडा लावला की तेवढीच तापणारी भट्टी मागवली. ती येईपर्यंत पाणी मी देईन, म्हणाला. मग त्याने एक व्हिडिओही केला, ताईच्या थकलेल्या डोळ्यांवर. लोकांनी तो रडत रडत पाहिला असं वहिनीने सांगितलं.

ताईने सगळं मान्य केलं. का करू नये? दुसरं कारणच तिला दिसत नव्हतं. ती कोपऱ्यात बसून चामड्याची म्यानं शिवू लागली. रंगीत दोऱ्याची रिळं खिडकीशी धरून पाहायची, हा तांबडा का हा तपकिरी, आणि बरोबर ओळखलं तरी स्वतःवर विश्वास बसायचा नाही. आरशात डोळ्यांकडे बघायची तिला शिसारी आली होती. या डोळ्यांनी एका भल्या माणसाचा हात खाल्ला, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

एका ढगाळ दुपारी धाकटा पाणी देत होता. बाहेर आभाळ काळंकुट्ट, काचेतून उजेड जेमतेम, पण दोन्ही दिवे फकफकीत लावलेले आणि समोर कॅमेरा. कोपऱ्यातून ताई बघत होती. त्याने पातं चिमट्याने बाहेर काढलं. रंग अगदी बरोबर होता, तिने स्वतः तोच धरला असता. आणि तेवढ्यात वीज गेली.

पातं धाकट्याच्या चिमट्यात तसंच होतं. क्षणापूर्वी जे गर्द लाल दिसत होतं ते अंधारात नारिंगीच्याही पुढे, पिवळ्याकडे झुकलेलं धगधगत होतं. ताईच्या हातातली दाभण खाली पडली. एवढं तापलेलं पातं वडिलांनी तेलाजवळही नेलं नसतं. म्हणजे डोळे तिचे गेले नव्हते. दिव्यांत कुणाचेही डोळे फसले असते, आत्ता धाकट्याचे फसले होते तसेच.

तिने धाकट्याकडे पाहिलं. पात्याच्या उजेडात त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने पातं भट्टीच्या कडेला ठेवलं. आधी त्याने वेड पांघरलं, काय माहीत होतं, कशाबद्दल बोलतेस. पण ती हलली नाही, तेव्हा तो मुठी घासत बसलेल्या वहिनीला बाहेर जायला सांगून स्टुलावर बसला. तोही त्याच बापाचा मुलगा होता. वाटाड्याचा तुकडा उजेडात धरला तेव्हाच त्याला जाड साखरेसारखा दाणा दिसला होता, आणि दिवेही तेव्हाच आठवले होते.

"मग माझ्या डोळ्यांवर का ढकललंस?"

"तुझे डोळे म्हटलं की एक सुरी वाईट, ताई. दिवे म्हटलं की काच बसवल्यापासूनच्या सगळ्या वाईट. कुठे कुठे गेल्यात त्या, आठव जरा. सगळ्या परत मागवायच्या? उद्या दार उघडायला तोंड राहील का आपल्याला?"

हे त्याने अगदी समजूतदार आवाजात सांगितलं. लहानपणी अंधारात ताई जो हात धरून बसायची तोच हात त्याने पुढे केला. आता विजेची भट्टी येतेच आहे, पुढच्या सुऱ्या चांगल्याच होतील, आणि मागच्या सगळ्याच काही तुटणार नाहीत. कुणी कांदे चिरतं, कुणी भिंतीवर लावतं. तू आरामात बस, तुला काही कमी पडू देणार नाही. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याचा हात झटकला, फळीवरची विकायला ठेवलेली एक सुरी उचलली, व्हाइसमध्ये आवळली, मुठीला फडकं गुंडाळलं आणि ओढली. सुरी थोडीही न वाकता कट्‌कन तुटली. दारातून येणाऱ्या करड्या उजेडात कड चमचमत होती. तिने दुसरी मोडली. तीही तशीच.

"किती मोडशील?" धाकटा म्हणाला.

ती थांबली. मोडायची थांबली ते त्याच्या बोलण्याने नाही, तिला एक भलतीच गोष्ट सुचली होती म्हणून. वाटाड्याला भरपाई म्हणून कोणती सुरी दिली, असं तिने विचारलं. धाकटा बोटांकडे बघत बसला. मग म्हणाला, फळीवरचीच. दुसरी कुठून आणणार होतो?

तिने चपला घातल्या आणि निघाली. वहिनी अंगणात उभी होती, वन्सं, छत्री तरी न्या, म्हणाली. ताईला ते ऐकू आलं पण कळलं नाही. चढावर तिची छाती भरून येत होती आणि मनात दोन गोष्टी एकमेकींना ढकलत होत्या. एक म्हणजे ती सुरी त्या माणसाच्या कमरेवरून आधी काढायची. दुसरी, आणि हीच जास्त जोराने ढकलत होती, की त्याला सांगायचं, माझे डोळे चांगले आहेत. कुणाला नाही कळलं तरी चालेल, पण त्याला कळायला पाहिजे. पावसाचे चार थेंब पडले आणि थांबले, तेही तिला नीट समजलं नाही.

वाटाड्या घराच्या पायरीवर बसला होता. दाराच्या कडीला दोर बांधून डाव्या हाताने गाठ मारायला शिकत होता. गाठ सुटत होती, तो पुन्हा मारत होता. ताईला बघून त्याने सरकून जागा केली. डोळे कसे आहेत, असं त्यानेच आधी विचारलं. मग तिला बोलूही न देता म्हणाला की मनाला लावून घेऊ नका, माझ्या मनात काही नाही, म्हातारपण कुणाला सुटलंय, माझ्या आईलाही शेवटी माणसं ओळखू येत नव्हती. त्याच्या बोलण्यात एवढी माया होती की ताईला तिथेच रडू फुटलं असतं.

तिने सुरी मागितली. त्याने कमरेची काढून दिली. पायरीजवळ लाकूड फोडायचा ओंडका होता, त्याच्या चिरेत तिने पातं खोचलं, पदर मुठीभोवती गुंडाळला आणि बाजूला ओढलं. कट्‌कन आवाज आला. वाटाड्याच्या हातातला दोर खाली पडला.

मग तिने सांगितलं. सगळं सांगितलं, काच, दिवे, धाकट्याने काय पाहिलं आणि काय लपवलं. तुटलेली कड त्याच्यापुढे धरली आणि जाड दाणा दाखवला. अंधारात तो रंग कसा दिसतो, दिव्यांत कसा फसवतो, हे ती भराभरा बोलत गेली. बोलता बोलता तिच्या आवाजात एक मोकळेपणा आला होता. आपल्या मानेवरचं जोखड उतरतंय असं तिला वाटत होतं.

"म्हणजे तुमचे डोळे चांगले आहेत," तो म्हणाला.

"चांगले आहेत."

"आणि पाणी अंधारात द्यायचं असतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

हे तो विचारेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चढभर ती डोळ्यांची फिर्याद घेऊन आली होती, आणि हा प्रश्न वाटेत एकदाही भेटला नव्हता. धाकट्याचं नाव तिच्या ओठांवर आलं. वहिनीची तक्रार आली, ताडपत्री आली. मग इस्त्रीचा सदरा आठवला आणि ते सगळं तिने सोडून दिलं.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "वडिलांनी शिकवलं होतं."

"एक सुरी मोडून बघायची असते, हे? तुमचे वडील मोडायचे. मी बघितलंय."

"तेही."

"मग?"

"सवय झाली."

वाटाड्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. दोन बोटं ताठ, बाकीची किंचित वाकलेली. मग त्याने कमरेचं रिकामं म्यान सोडलं, तिने शिवलेलं, आणि तिच्या बाजूला पायरीवर ठेवलं.

"डोळे गेले म्हणून मी सोडून दिलं होतं, ताई," तो म्हणाला. "ज्याचे गेले त्याच्यावर काय रागवायचं. आता मात्र ते मला जमायचं नाही."

आवाज चढला नव्हता. त्याने एवढंच सांगितलं की उद्या वरच्या वस्तीवर आणि पलीकडच्या खिंडीत सगळ्या वाटाड्यांना निरोप धाडतो, चिमणीच्या पावलाची सुरी कुणी कमरेला लावायची नाही. नव्या जुन्या कुठून ओळखणार, म्हणजे वडिलांच्या हातच्याही त्यात आल्या. सुरी कमरेवरून काढा, हे सांगायला तर ती स्वतः आली होती. ती हो म्हणाली. त्याने खाली पडलेला दोर उचलला आणि पुन्हा गाठ मारायला घेतली, तिच्याकडे पाठ करून.

ताई म्यान आणि तुकडे घेऊन उतरली. अंधारून आलं होतं. खालच्या वळणाला कुणीतरी शेकोटी पेटवली होती, आणि एवढ्या लांबून, मावळत्या उजेडात, तिला अगदी स्वच्छ दिसत होतं कुठला निखारा लाल आहे आणि कुठला पिवळा.